स्वतःचा चेहरा खाऊ घालणारा हिरो

नाशिकहून तुमच्याशी बोलतेय. हेडफोन विसरलात, बसमध्ये रेंज नाही किंवा नुसतंच वाचायला आवडतं, अशा सगळ्यांसाठी हा नेहमीप्रमाणे आपल्या एपिसोडचा लिखित अवतार. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ काढलेत. सगळे नाही, थोडे ठेवलेत.

आज सुरुवात पावापासून करू. नाशिककरांना पाव म्हटलं की मिसळ आठवणार, त्यात काही चूक नाही. पण ‘पाव’ हा शब्द मुळात आपला नाही. तो पोर्तुगीजांचा, गोव्याकडून आपल्याकडे आलेला. तेच पोर्तुगीज सोळाव्या शतकात जहाजं घेऊन जपानलाही पोचले आणि तिथेही हाच शब्द ठेवून आले. जपानी लोक ब्रेडला ‘पान’ म्हणतात. आपला पाव आणि त्यांचा पान म्हणजे एकाच आईची दोन लेकरं. बरं, जपान्यांनी या पावाचं काय केलं? १८७४ मध्ये टोकियोत किमुराया नावाच्या बेकरीवाल्यांनी त्यात लाल चवळीसारख्या अझुकी नावाच्या कडधान्याचं गोड सारण भरलं. त्या सारणाला म्हणतात ‘आन’. शिजवलेलं कडधान्य, साखर, घोटून घट्ट केलेलं. आपण याला काय म्हणू? पुरणच की! म्हणजे आन्पान हा झाला पुरण भरलेला पाव.

आता यात ‘मॅन’ जोडा. आन्पानमान. पुरणपाव-मॅन.

हसलात ना? मीही हसले होते. पण जपानमध्ये दोन-तीन वर्षांच्या कुठल्याही मुलाला विचारा, ते पोर स्पायडरमॅनच्या आधी याचं नाव घेईल. गोल चेहरा, लाल नाक, लाल गाल, पाठीवर केप. चेहरा म्हणजे अक्षरशः आन्पान, भट्टीत भाजलेला. हा आकाशात उडत फिरतो आणि कोणी भुकेलेलं दिसलं की खाली उतरतो, आपल्या डोक्याचा तुकडा मोडतो आणि म्हणतो, खा.

हो, डोक्याचा तुकडा. आणि तुकडा दिला की त्याची ताकद कमी होते. पावसात चेहरा भिजला तरी त्याला उभं राहवत नाही. मग तो कसाबसा बेकरीत परत येतो. तिथले जॅम काका (जपानीतही ते काकाच आहेत, ‘ओजिसान’) नवा चेहरा भाजून देतात आणि गडी पुन्हा तयार.

बाकीच्या सुपरहीरोंची गंमत काय असते? मदत केली की ते आणखी मोठे दिसतात. टाळ्या, पेपरात फोटो, पुढच्या भागात नवा सूट. आन्पानमान मदत केली की कमी होतो. हा फरक ज्या माणसाच्या डोक्यातून आला त्याच्याबद्दल आजचा एपिसोड आहे.

त्यांचं नाव ताकाशी यानासे. जन्म ६ फेब्रुवारी १९१९. बालपण गेलं कोची प्रांतात. आपल्या केरळातलं कोची नव्हे हं, जपानच्या शिकोकू बेटावरचं. वडील पत्रकार होते. ते कामासाठी चीनमध्ये असताना तिकडेच वारले, तेव्हा ताकाशी पाच वर्षांचा. पुढे आईने दुसरं लग्न केलं आणि हा मुलगा डॉक्टर असलेल्या काकांकडे वाढला. धाकटा भाऊ चिहिरो, त्यालाही याच काकांनी दत्तक घेतलं होतं. चिहिरो हुशार, सगळ्यांचा लाडका. आणि आमचे हे ताकाशी चित्रं काढत बसणारे. टोकियोत डिझाइन शिकले, एका औषध कंपनीच्या जाहिरात विभागात नोकरीला लागले आणि १९४१ मध्ये लष्कराचं बोलावणं आलं.

चीनमध्ये त्यांना पाठवलं. तिथे त्यांनी एक काम केलं ते ऐका. लष्कराच्या प्रचारासाठी चित्रांच्या पाट्या रंगवायच्या आणि गावातल्या लोकांसमोर एकेक चित्र सरकवत गोष्ट सांगायची. जपानीत याला ‘कामिशिबाई’ म्हणतात, कागदी नाटक. सिंधुदुर्गात पिंगुळीला ठाकर मंडळींची चित्रकथी बघितली असेल, तर तुम्हाला हे लगेच कळेल. तीच जातकुळी. फक्त इथे गोष्ट रामायणाची नव्हती. जपान बरोबर आहे, जपान तुमच्या भल्यासाठी आलाय, ही गोष्ट होती. एक चित्रकार जे सगळ्यात चांगलं करू शकतो, तेच त्याच्याकडून करून घेतलं जात होतं.

पण पुढे आयुष्यभर ते सांगत राहिले ती आठवण गोळ्यांची नव्हे, भुकेची होती. मार्चिंगने पाय मोडतात, ते सोसता येतं. मारहाण होते, तीही सोसता येते. पोटात काही नसलं की मात्र माणूस दुसरा कसलाही विचार करू शकत नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा लिहिलं.

१९४५ मध्ये युद्ध संपलं. ते घरी आले तर भाऊ नव्हता. चिहिरो नौदलात गेला होता आणि १९४४ मध्ये समुद्रातच संपला.

आणि इथेच आपल्या विषयाचा कणा आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ. तुम्ही पंचविशीतले असताना सगळा देश तुम्हाला सांगतोय की ही लढाई न्यायाची आहे. शाळा सांगतेय, वर्तमानपत्रं सांगतायत, वरचा अधिकारी कानशिलात मारून सांगतोय. मग एका ऑगस्ट महिन्यात रेडिओवर शरणागती जाहीर होते आणि काही दिवसांत तीच माणसं सांगू लागतात की ते सगळं चूक होतं. कालचा न्याय आज अन्याय झाला. तुमचा भाऊ मात्र परत येत नाही. अशा माणसाने ‘चांगल्याचा वाईटावर विजय’ अशी गोष्ट कशी लिहायची? कुठलं चांगलं आणि ते किती दिवस चांगलं?

यानासे यांचा यावरचा निष्कर्ष अगदी साधा होता. बाजू बदलली, सरकार बदललं, झेंडा बदलला तरी उलटत नाही असा न्याय त्यांना एकच सापडला, भुकेल्याला खायला देणं. आणि दुसरी अट त्यांनी लावली ती मला जास्त महत्त्वाची वाटते. खरं भलं करायचं तर आपल्याला थोडं लागतंच, आपलं काहीतरी जातंच. म्हणून डोक्याचा तुकडा. तो विनोदासाठी नाही.

पण हे कागदावर उतरायला फार वर्षं गेली. युद्धानंतर ते कोचीच्या एका वर्तमानपत्रात लागले. तिथेच नोबू भेटली, पुढे ती त्यांची बायको. मग टोकियो आणि मित्सुकोशी या मोठ्या दुकानाच्या जाहिरात विभागात नोकरी. त्या दुकानाच्या प्रसिद्ध रॅपिंग पेपरवरची अक्षरं त्यांच्या हातची. १९५३ मध्ये नोकरी सोडली आणि व्यंगचित्रकार म्हणून स्वतंत्र झाले. इथून पुढची वीस वर्षं म्हणजे पडेल ते काम. रंगमंचाची नेपथ्यं केली, रेडिओसाठी लिहिलं, गाणी लिहिली. सगळं येतं, पण ‘यांचं ते काम’ असं बोट दाखवावं असं काही नाही. ओसामु तेझुका आणि त्यांच्यासारखे वयाने लहान चित्रकार पुढे निघून चालले होते. एका रात्री उदास होऊन काम करत असताना थंडीने गारठलेला हात त्यांनी दिव्यावर धरला आणि उजेडात तळव्यातलं लाल रक्त दिसलं. मन खचलंय, पण रक्त वाहतंच आहे. त्यावरून त्यांनी १९६१ मध्ये तळहात सूर्याकडे धरण्याचं एक मुलांचं गाणं लिहिलं. ते आजही जपानच्या शाळांमध्ये म्हणतात.

एक गोष्ट हॅलो किटीच्या चाहत्यांसाठी. सान्रिओ कंपनीचं नाव अजून सान्रिओ झालं नव्हतं, किटीचा जन्म व्हायचा होता, तेव्हा १९६६ मध्ये याच कंपनीने यानासे यांचा कवितासंग्रह छापला. रेशमाचा आणि भेटवस्तूंचा धंदा करणाऱ्या कंपनीने पुस्तक काढलं, तेही कवितांचं!

मग आलं अ‍ॅनिमेशन. तेझुका यांनी १९६९ च्या एका मोठ्या अ‍ॅनिमेशनपटासाठी यानासे यांना पात्रं रेखाटायला बोलावलं. सिनेमा चालला. आभार म्हणून तेझुका म्हणाले, तुम्हाला हवी ती छोटी फिल्म करा, पैसे मी देतो. यानासे यांनी स्वतःचंच चित्रपुस्तक निवडलं, ‘प्रेमळ सिंह’, आणि दिग्दर्शनही स्वतः केलं. १९७० च्या या फिल्मला जपानमध्ये अ‍ॅनिमेशनसाठी दिला जाणारा ओफुजी पुरस्कार मिळाला. (अ‍ॅनिमेशनचा विषय निघालाच आहे तर नाशिककर म्हणून एक कॉलर ताठ करून घेते. आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी काडेपेटीतल्या काड्या एकेक फ्रेम सरकवत ‘आगकाड्यांची मौज’ केली होती. त्या काळी! झालं, पुढे चला.)

आन्पानमान पहिल्यांदा आला तोही १९६९ मध्येच, पण मोठ्यांच्या मासिकात. तिथे तो पावाचा नव्हताच. एक जाडसर, मध्यमवयीन माणूस, जो आकाशातून उडत येऊन भुकेल्या मुलांना आन्पान वाटतो. कुणालाही तो हिरो वाटला नाही. चार वर्षांनी, ऑक्टोबर १९७३ मध्ये, यानासे यांनी तोच मुलांच्या चित्रपुस्तकात आणला आणि या वेळी पाव हातात न देता चेहराच पावाचा केला. या पुस्तकात तो वाळवंटात भुकेने कोसळलेल्या एका वाटसरूला भेटतो आणि म्हणतो, माझा चेहरा खा. पुढे रानात चुकलेल्या एका पोराला उरलेलं सगळं डोकं देऊन टाकतो आणि बिनडोक्याचा उडत परत जातो. केप ठिगळं लावलेली. यानासे यांचं म्हणणं असं की खऱ्या अर्थाने लोकांसाठी धावणाऱ्याकडे नवी केप शिवायला पैसे कुठून असणार?

त्याच सुमाराला आपल्याकडे काय चाललं होतं? १९७२ चा दुष्काळ. तुमच्या घरात सत्तरीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांना ‘बहात्तर’ एवढंच म्हणून बघा. आमचं मूळ गाव सिन्नर तालुक्यात. माझी आजी तेव्हा नवी नवरी होती आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. अमेरिकेतून आलेली लाल मिलो रेशनवर मिळायची, तिच्या भाकरीला चव नाही की चिकटपणा नाही. आणि कामावर सुकडी वाटायचे. आजी अजूनही सुकडीचं नाव निघालं की हाताची ओंजळ करून दाखवते, एवढी मिळायची म्हणून.

तिला मी मोबाइलवर आन्पानमानचं चित्र दाखवलं आणि गोष्ट सांगितली. मला वाटलं हसेल. ती हसली नाही. तिने विचारलं, “मग त्याला नवं डोकं कोण देतं?” मी म्हटलं, बेकरीवाले काका. “मग चालतंय,” म्हणाली. “देणाऱ्यालाबी कोणीतरी द्यायला पायजे.”

मी या विषयावर इंटरनेटवर तासन्‌तास वाचलं होतं, पण जॅम काकांकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. आणि खरंच, ते काढून टाकले तर ही एका हुतात्म्याची गोष्ट होते. दिलं आणि संपला. युद्धात जपानच्या मुलांना नेमकी तीच गोष्ट शिकवली होती, देशासाठी संपून जा म्हणून. यानासे यांचा हिरो संपत नाही, त्याच्यामागे एक पेटती भट्टी आहे.

पुस्तक आलं तेव्हा मोठ्यांना ते अजिबात आवडलं नाही. चेहरा खायचा म्हणजे काय? किती क्रूर! शिक्षकांनी नाकं मुरडली, समीक्षकांनी नावं ठेवली आणि खुद्द प्रकाशकांकडूनही असं पुन्हा काढू नका असाच सूर आला. पण तीन-चार वर्षांची मुलं समीक्षा वाचत नाहीत. बालवाड्यांमध्ये आणि वाचनालयांमध्ये त्या पुस्तकाच्या प्रती हाताळून हाताळून फाटू लागल्या. नव्या आणल्या, त्याही फाटल्या. कुठलीही जाहिरात नाही. ज्यांना अजून नीट बोलता येत नाही अशा वाचकांनी हे पुस्तक चालवलं. मला यात आश्चर्य वाटत नाही. त्या वयाच्या मुलाला क्रूर काय वाटेल, सांगा? भूक लागली आणि कोणी आलंच नाही, हे क्रूर. कोणीतरी आलं आणि स्वतःतला घास दिला, हे तर ते रोज घरात बघतं. दूध पिणारं बाळ दुसरं काय करत असतं?

३ ऑक्टोबर १९८८ ला आन्पानमान टीव्हीवर आला. यानासे तेव्हा ६९ वर्षांचे. फार अपेक्षा कुणाचीच नव्हती. ती मालिका आजही चालू आहे. शीर्षकगीत त्यांनीच लिहिलं, आणि लहान मुलांच्या गाण्यात तुम्ही कशासाठी जन्मलात, कशाने आनंदी होता, असले प्रश्न घातले. २००९ मध्ये गिनेस बुकात नोंद झाली ती एका अ‍ॅनिमेशन मालिकेतल्या सर्वाधिक पात्रांची, १,७६८! त्यात शोकुपानमान आहे, म्हणजे आपला स्लाइस ब्रेड, देखणा आणि जरा मिजासखोर. कारेपानमान आहे, म्हणजे करी भरलेला तळलेला पाव. तो चिडला की तोंडातून तिखट करी फवारतो. ही करी इंग्रजांच्या हातून जपानला गेली, म्हणजे लांबून का होईना आपला पाहुणाच.

आणि बाइकिनमान. ‘बाइकिन’ म्हणजे जंतू. हा खलनायक. दर भागात उपद्व्याप करतो, दर भागात आन्पानमानचा ठोसा खाऊन आकाशात भिरकावला जातो, आणि पुढच्या भागात हजर. तो मरत कधीच नाही. यानासे याबद्दल स्पष्ट होते. जंतू सगळे मारून टाकले तर पाव फुगणार कसा? यीस्ट नाही तर पाव नाही. निरोगी असणं म्हणजे जंतू नसणं नव्हे, त्यांच्याशी तोल सांभाळून राहणं. शत्रूला पूर्ण नष्ट करायचं या भाषेचा शेवट ज्याने पाहिला, त्याच्या गोष्टीत खलनायक मरत नाही, यात मला तरी काही योगायोग दिसत नाही.

माझी एक तक्रार आहे, ती नोंदवते. टीव्हीवरचा आन्पानमान पुस्तकातल्यापेक्षा सौम्य झालाय. पुस्तकात अख्खं डोकं जातं आणि ते चित्र बघताना पोटात थोडं कालवतं. टीव्हीवर तो गालाचा नीटस तुकडा मोडून देतो, बिस्किट दिल्यासारखा. केपही झकास नवी. शिवाय डायपरपासून रेल्वेच्या डब्यांपर्यंत सगळीकडे त्याचा चेहरा छापलेला. शिकोकू बेटावर आन्पानमान रेल्वे खरंच धावते. धंदा आहे, चालायचंच. पण मूळ पुस्तकाची गोष्ट वेगळी आहे.

मग ११ मार्च २०११. भूकंप, त्सुनामी. त्या दिवसांत रेडिओ स्टेशनांकडे आन्पानमानच्या शीर्षकगीताची फर्माईश येऊ लागली आणि गाणं लागलं की आसऱ्याच्या ठिकाणी मुलं बरोबर गायची. ते प्रश्न, तुम्ही कशासाठी जन्मलात वगैरे, अचानक लहान मुलांचे राहिले नाहीत. यानासे ९२ वर्षांचे होते, तब्येत खालावलेली, निवृत्त व्हायच्या विचारात. ते पुन्हा कामाला लागले आणि आपत्तीग्रस्त भागांसाठी पोस्टर काढून दिली. १३ ऑक्टोबर २०१३ ला ते गेले, ९४ व्या वर्षी. नोबू त्यांच्या वीस वर्षं आधी गेली होती आणि त्यांना मूलबाळ नव्हतं. २०२५ मध्ये एनएचकेने या नवरा-बायकोवर बेतलेली ‘आन्पान’ नावाची रोजची सकाळची मालिका केली.

मेसेजमध्ये बरेच जण विचारता की तेविसावं लागलं, चोविसावं लागलं, अजून काहीच जमलं नाही. मी सल्ला देणारी कोण! फक्त आकडे सांगते. ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा फाळके ४३ वर्षांचे होते. आन्पानमानचं पहिलं चित्रपुस्तक आलं तेव्हा यानासे ५४ वर्षांचे.

आता बघायचं कुठून सुरू करावं? मालिकेचे भाग शेकडो आहेत, त्यात शिरू नका. आधी ती १९७० ची ‘प्रेमळ सिंह’ बघा, अर्ध्या तासाच्या आत संपते. एका अनाथ सिंहाच्या पिल्लाला एक कुत्री वाढवते. पिल्लू वाढतं, आईपेक्षा कितीतरी मोठं होतं, मग माणसं त्यांची ताटातूट करतात. वर्षांनंतर एका रात्री पिंजऱ्यातल्या सिंहाला लांबून आईचं अंगाईगीत ऐकू येतं आणि तो गज मोडून बाहेर पडतो. लोकांना काय दिसतं? सुटलेला सिंह. बंदुका निघतात. पुढचं सांगत नाही. घरातल्या लहान भावंडाला दाखवणार असाल तर आधी एकदा एकटे बघून घ्या.